जन्मजात प्रतिकारशक्तीची उणीव : आईवडील हमखास विचारतात ते प्रश्न

हे पान डॉक्टरने लिहिलेलं नाही. माझ्या मुलाला एक्सएलए आहे, म्हणजे त्याचं शरीर अँटिबॉडी (जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं) बनवत नाही, आणि दर महिन्याला रुग्णालयाच्या डे-केअरमध्ये शेजारच्या खाटेवरचे नवे पालक जे विचारतात त्यातूनच हे प्रश्न गोळा झाले. कुठलं औषध, किती डोस हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांच्यापुढे काय घेऊन बसायचं आणि घरी काय सांभाळायचं, तेवढं इथे आहे.

आमच्या मुलाला सारखी सर्दी होते. त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का?

बहुधा नाही. बालवाडीत जायला लागलेल्या मुलाला वर्षात आठ-दहा वेळा सर्दी-खोकला होणं हे नेहमीचं आहे. पाहायचं ते असं, की मधल्या दिवसांत मूल ठणठणीत असतं का, वजन वाढतं का, साध्या औषधाने किंवा औषधाशिवाय बरं होतं का. तसं असेल तर काळजी सोडा.

काळजीची लक्षणं वेगळी असतात. वर्षात दोनदा न्यूमोनिया. वर्षात चार किंवा जास्त वेळा कान फुटणं. दोन-दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक न पडणं, प्रत्येक वेळी सलाईनमधूनच औषध द्यावं लागणं. यकृतात, फुप्फुसात किंवा त्वचेखाली खोलवर वारंवार गळू होणं. वर्ष उलटलं तरी तोंडातली पांढरी बुरशी न जाणं. खाल्लेलं अंगी न लागणं. रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात जंतू पसरण्याचे प्रसंग एकापेक्षा जास्त वेळा येणं. आणि घराण्यात आधी कुणाला असा आजार असणं किंवा लहान मुलं संसर्गाने दगावलेली असणं. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर तपासणी मागा. शेवटची एकटी असली तरीही मागा.

नाळेचंही बघा. बाळाची नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत गळते. महिना झाला तरी गळली नाही, बेंबी लाल आहे आणि रक्तात पांढऱ्या पेशी खूपच वाढलेल्या आहेत, असं असेल तर पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर पडताच येत नाही असा एक दुर्मीळ आजार असू शकतो. "नाळ उशिरा पडली" हे घरातल्या आजीच्या लक्षात राहिलेलं असतं, पण दवाखान्यात तिला कुणी विचारत नाही.

हा एकच आजार आहे की बरेच?

साडेचारशेहून अधिक. प्रत्येकाच्या मुळाशी एखाद्या जनुकातला बिघाड. कुणात अँटिबॉडी बनत नाहीत (एक्सएलए, सीव्हीआयडी), कुणात टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, त्याच नसतात (स्किड), कुणात पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत (सीजीडी), कुणात क्षयासारख्या जंतूंपुरतीच उणीव असते. म्हणून "इम्युनिटी कमी आहे" या मोघम वाक्यावर समाधान मानू नका. नेमकी कोणती बाजू लंगडी आहे ते कळलं तरच काय टाळायचं ते कळतं. सीजीडीच्या मुलाने जे टाळायचं ते एक्सएलएच्या मुलाला चालू शकतं, आणि उलटही.

यातली काही मंडळी आयुष्यभर मजेत जगतात. आयजीए नावाची अँटिबॉडी नसलेल्या बहुतेकांना ते कधी कळतही नाही. आणि काही बाळांत अँटिबॉडी बनायला नुसताच उशीर होतो, दोन-चार वर्षांत गाडी रुळावर येते. हेही डॉक्टरांना विचारून घ्या, उगाच धसका घेऊ नका.

मोठ्या शहरात जाण्याआधी आम्ही इथेच काही पाहू शकतो का?

हो, आणि माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे. तुमच्या फाइलमध्ये सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद असणारच. प्रत्येक तापाला तो केलेला असतो. बहुतेक जण हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बघून कागद मिटतात.

त्यातला लिम्फोसाइटचा आकडा काढा. हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, टी-पेशी यातच येतात. तो टक्क्यांत लिहिलेला असतो. एकूण पांढऱ्या पेशी ९,००० आणि लिम्फोसाइट २० टक्के असतील तर प्रत्यक्ष संख्या झाली १,८००. मोठ्या माणसात हे ठीक आहे. चार महिन्यांच्या बाळात नाही. तान्ह्या बाळात ही संख्या साधारण ४,००० च्या वर असते, आणि ३,००० च्या खाली वारंवार दिसली तर स्किडची शंका घ्यायलाच हवी. लॅबच्या छापील कागदावर शेजारी जी "नॉर्मल" मर्यादा असते ती पुष्कळदा मोठ्यांची असते, त्यामुळे बाळाच्या रिपोर्टवर लाल खूण येतच नाही. हा गुणाकार करून आकडा डॉक्टरांसमोर ठेवा. एका सीबीसीवरून निदान होत नाही, गंभीर संसर्गातही लिम्फोसाइट तात्पुरते घटतात. पण बरं झाल्यावर पुन्हा केलेल्या तपासणीतही आकडा खालीच असेल तर पुढची टेस्ट टाळता कामा नये.

त्याच कागदावर प्लेटलेटचा आकारही असतो, एमपीव्ही या नावाने. मुलगा आहे, प्लेटलेट कमी आहेत आणि त्या आकारानेही बारीक आहेत, अंगावर इसब आहे, कान फुटतात, असं असेल तर विस्कॉट-आल्ड्रिच या दुर्मीळ जन्मजात आजाराचा विचार करतात.

दुसरं काम : सगळे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं, एक्स-रे तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा आणि वरच्या कोऱ्या कागदावर एक यादी लिहा. कुठल्या महिन्यात काय झालं, किती दिवस ॲडमिट, कुठला जंतू कल्चरमध्ये सापडला. निदानाला वर्षं लागतात ती बरेचदा यामुळेच. न्यूमोनिया एका डॉक्टरांनी बघितला, कान दुसऱ्यांनी, गळू सर्जननी कापलं. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं, पण सगळं एकत्र कुणी पाहिलंच नाही. ती यादी पाहून योग्य डॉक्टर पाच मिनिटांत सावध होतात.

पुढच्या तपासण्या कोणत्या आणि कुठे होतात?

आधी एचआयव्ही नाही याची खात्री करतात. मग रक्तातल्या आयजीजी, आयजीए, आयजीएम आणि आयजीई या अँटिबॉडी मोजतात. मग फ्लो सायटोमेट्रीने टी, बी आणि एनके पेशींची मोजणी, सीजीडीसाठी डीएचआर चाचणी (पांढऱ्या पेशी जंतू मारू शकतात का ते पाहणारी), आणि शेवटी जनुकीय तपासणी.

महाराष्ट्रात परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे या तपासण्या होतात. परळचंच वाडिया मुलांचं रुग्णालय यावर उपचार करतं. उत्तरेत चंदीगडच्या पीजीआयचं नाव या विषयात मोठं आहे.

काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. अँटिबॉडी तपासायचं रक्त इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या अँटिबॉडींचं औषध) देण्याआधी काढायला हवं, कारण एकदा ते चढवलं की पुढचे काही महिने दिसणारा आयजीजी दात्यांचा असतो, मुलाचा नाही. अँटिबॉडी न बनवणाऱ्या मुलात अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, त्यामुळे एचआयव्हीसाठी थेट विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी करतात. आणि गावाहून रक्त पाठवणार असाल तर लॅबला फोन करून विचारूनच पाठवा. डीएचआरसारख्या चाचणीला जिवंत पेशी लागतात. नमुना बर्फात घालायचा नसतो, नेहमीच्या तापमानालाच, शक्यतो चोवीस तासांच्या आत पोचवायचा असतो, आणि सोबत एखाद्या निरोगी माणसाचं रक्त तुलनेसाठी मागतात. बर्फात घालून पाठवलेली बाटली म्हणजे पुन्हा एक फेरी आणि लेकराला पुन्हा एक सुई.

लसी द्यायच्या की नाही?

हा प्रश्न "हो" किंवा "नाही"त संपत नाही. मेलेल्या जंतूंच्या किंवा जंतूंच्या तुकड्यांच्या लसी (पेंटाव्हॅलेंट, न्यूमोकोकल, टोचायची पोलिओ, इन्फ्लुएन्झाची सुई) धोकादायक नसतात. फार तर उपयोग कमी होईल. प्रश्न आहे तो जिवंत लसींचा : बीसीजी, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला, कांजिण्या, आणि काही जिल्ह्यांत दिली जाणारी जपानी मेंदूज्वराची जिवंत लस.

आपल्याकडे बीसीजी जन्मतःच देतात. देशात क्षय इतका आहे की ते बरोबरच आहे. पण स्किड, सीजीडी किंवा क्षयासारख्या जंतूंपुरती उणीव असलेल्या बाळात ही लसच अंगभर पसरू शकते. नेहमीच्या बाळात काय होतं? दंडावर महिना-दीड महिन्याने पुळी येते, फुटते, दोन-तीन महिन्यांत वण ठेवून बरी होते. काखेत बारीकशी गाठही येऊ शकते. ही गाठ वाढत जाते, फुटून वाहते, सोबत ताप आहे, वजन घटतंय, तर "बीसीजीची गाठ आहे, जाईल" एवढ्यावर थांबू नका. भारतातल्या अनेक मुलांत आजाराचा पहिला धागा हीच गाठ असते.

पोलिओचे थेंब एक्सएलए आणि स्किडच्या मुलांना देत नाहीत. थेंबांतला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. अशा मुलांच्या आतड्यात तो महिनोन् महिने राहू शकतो, बदलू शकतो आणि क्वचित लुळेपणाही आणतो. त्यांना सुईची पोलिओ लस. पल्स पोलिओच्या दिवशी आशाताई दारात येतील, बोटावर शाई नाही म्हणून विचारतील. त्यांच्याशी वाद घालू नका, त्या त्यांचं काम करताहेत. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि नोंद करायला सांगा.

कुठलीही जिवंत लस नेमक्या निदानाशिवाय सरसकट बंद करू नका. साध्या आयजीए उणिवेत गोवराची लस टाळली तर गोवरच व्हायचा.

घरातल्या बाकीच्यांचं काय?

सगळ्यांनी दरवर्षी इन्फ्लुएन्झाची सुई घ्यावी. हे करायला लोक आळस करतात. भावंडांना गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस द्यायलाच हवी, त्यांनी घरात आजार आणू नये म्हणून. फक्त पोलिओसाठी भावंडांनाही थेंबांऐवजी सुई, कारण थेंब घेतलेल्या मुलाच्या शौचातून विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. चुकून दिले गेलेच तर लंगोट बदलल्यावर साबणाने हात, आणि डॉक्टरांना कळवणं.

शाळेत किंवा सोसायटीत कांजिण्या किंवा गोवर आला आणि तुमचं मूल त्या मुलासोबत खेळलंय असं कळलं तर पुरळ येण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी फोन. संरक्षण देणारी औषधं पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात.

इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे काय? किती दिवस द्यायचं?

हजाराहून अधिक रक्तदात्यांच्या प्लाझ्मामधून काढलेल्या अँटिबॉडी. एक्सएलए किंवा सीव्हीआयडी असेल तर आयुष्यभर. हे ऐकून पहिल्या दिवशी हातपाय गळतात, मान्य. पण हे सुरू झाल्यावर न्यूमोनियाच्या फेऱ्या थांबतात, मूल शाळेत जातं, वजन धरतं.

नेहमीचा डोस दर किलो वजनाला ४०० ते ६०० मिलिग्रॅम, दर तीन-चार आठवड्यांनी. दहा किलोच्या मुलाला महिन्याला साधारण ५ ग्रॅम. तेच मूल चाळीस किलोचं झालं की २० ग्रॅम. म्हणजे खर्च मुलाबरोबर वाढतो, हा हिशेब पहिल्याच वर्षी मांडून ठेवा.

आयजीजीचं रक्तातलं अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे. उसनं आणलेलं पीठ महिनाअखेर डब्याच्या तळाला जातं तसंच हे. म्हणून "या महिन्यात बरा आहे, पुढच्या महिन्यात देऊ" असं करू नका. बरा आहे तो डोसमुळेच. पुढचा डोस देण्याच्या दिवशी, चढवण्याआधी, आयजीजीची पातळी अधूनमधून तपासतात. ती ५०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली जाऊ नये, आणि बहुतेक डॉक्टर ७००-८०० च्या वर ठेवायचा प्रयत्न करतात. फुप्फुसं आधीच खराब झालेली असतील तर त्याहून जास्त.

चढवायच्या दिवशी : मुलाला आदल्या रात्रीपासून भरपूर पाणी पाजा, याने डोकेदुखी कमी होते. बाटली हलवू नका, फेस होतो. थंड बाटली नेहमीच्या तापमानाला येऊ द्या. सुरुवात अगदी संथ असते आणि सिस्टर टप्प्याटप्प्याने वेग वाढवतात. घाईची बस पकडायची म्हणून वेग वाढवा असं त्यांना सांगू नका. थंडी वाजली, पाठ दुखली, छातीत दडपलं तर लगेच सांगा. बहुतेक वेळा वेग कमी केला की थांबतं. त्या दिवशी ताप असेल तर आधीच सांगा. आणि बाटलीवरचं स्टिकर सोलून वहीत चिकटवा : कंपनी, बॅच नंबर, तारीख. पुढे कधी त्रास झाला किंवा कंपनी बदलावी लागली तर ही वहीच कामाला येते.

रक्तापासून बनलंय, मग एड्स-कावीळ होईल का? दात्यांचं रक्त तपासलेलं असतं, शिवाय विषाणू निष्प्रभ करण्याच्या पायऱ्या बनवतानाच असतात. हा धोका आता फार दूरचा आहे. डोस चुकवल्याने येणारा न्यूमोनिया मात्र घरच्या उंबऱ्यावर उभा असतो.

एक मर्यादा सांगायला हवी. यातून मिळतो तो आयजीजी. नाका-घशाच्या अस्तरावर काम करणारा आयजीए यातून मिळत नाही, म्हणून सायनसचा त्रास डोस चालू असतानाही राहू शकतो.

सीजीडी आहे. मातीत खेळू द्यायचं नाही म्हणतात. आम्ही शेतकरी, हे जमायचं कसं?

अवघड आहे, पण कशाची भीती आणि कशाची नाही हे कळलं तर बरंच जमतं. सीजीडीत काही जिवाणू आणि विशेषतः ॲस्परजिलस नावाची बुरशी जिवावर उठते. ही बुरशी वाळक्या ढेकळात फारशी नसते, ती कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात असते. म्हणून यादी अशी : उकिरडा, शेणखत पसरणं, गांडूळखताचा वाफा, भिजून काळा पडलेला कडबा किंवा पेंढा, उसाच्या पाचटाचा थर, गंजी उपसणं, मळणीची धूळ, बुरसलेलं धान्य पाखडणं. या कामांच्या वेळी मूल त्या रानात नको, मास्क लावूनही नको. कुजलेल्या पाल्याचा ढीग एकदाच उपसल्यावर दोन्ही फुप्फुसांत तीव्र न्यूमोनिया झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत.

जुन्या घराची भिंत पाडणं, स्लॅब फोडणं, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीचा रंग खरवडणं हेही त्यातच. शहरात बाल्कनीतल्या कुंड्यांची माती बदलणं आणि कबुतरांची विष्ठा खरवडणं.

पाण्याचंही आहे. साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत क्रोमोबॅक्टेरियम नावाचा एक जांभळा जिवाणू राहतो. इतरांना तो सहसा काही करत नाही, सीजीडीच्या मुलात मात्र रक्तात शिरून घात करतो. शेततळं, ओढा, विहिरीत पोहणं आणि भातलावणीच्या चिखलात उतरणं बंद. पायाला जखम असेल तर बिलकुलच नाही.

दिवाळीच्या किल्ल्याचा हट्ट प्रत्येक घरात होतो. माती कालवायची, वर अळीव-मोहरी पेरायची, गोणपाट भिजवायचं, हे सगळं त्या पोरासाठी नको ते. आमच्या ओळखीच्या एका घराने पुठ्ठ्याचा आणि थर्माकोलचा किल्ला केला. मावळे मांडण्याचा आणि हुकूम सोडण्याचा मान त्याच पोराला दिला, भावंडांनी निमूट ऐकलं.

औषधांत रोजचं कोट्रायमोक्साझोल आणि बुरशीसाठी इट्राकोनाझोल. "अँटिबायोटिक रोज कसं द्यायचं, सवय लागेल" असं शेजारी म्हणतील. इथे ते ताप उतरवायला दिलेलं नसून जंतूला शिरकावच मिळू नये म्हणून आहे. स्वतःहून बंद करू नका.

खाण्यापिण्यात काय सांभाळायचं?

पाणी उकळून. खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं की पुरे, वीस मिनिटं गॅस जाळायला नको. क्लोरीनच्या गोळीवर विसंबू नका, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा जीव क्लोरीनला दाद देत नाही आणि हायपर आयजीएम या प्रकारची उणीव असलेल्या मुलांत तो यकृतापर्यंत जातो. टँकरचं, बोअरचं, पावसाळ्यात गढूळ आलेलं नळाचं, सगळं उकळूनच.

बाहेरचा बर्फ नको, म्हणजे उसाचा रस, गोळा, जत्रेतली कुल्फी गेली. धारोष्ण दूध नको. कच्ची कोशिंबीर घरी धुऊन, सोलून चालते, लग्नाच्या पंगतीतली नको. घरचं ताजं दही बहुतेकांना चालतं, पण स्किडच्या बाळाला प्रोबायोटिकचे सॅशे विचारल्याशिवाय देऊ नका. स्किडच्या बाळाला आईचं दूध द्यायचं का, हाही प्रश्न सीएमव्ही विषाणूची तपासणी करून डॉक्टरांबरोबर सोडवायचा असतो.

काढा, गुळवेल, सुवर्णप्राशन याने प्रतिकारशक्ती वाढेल का?

नाही. ज्या जनुकामुळे अँटिबॉडी बनत नाही ते जनुक काढ्याने दुरुस्त होत नाही. गुळवेलीबद्दल जरा जास्त सावध राहा. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद अजून आहे. आपलं मूल त्या वादात उतरवण्याचं कारण नाही. पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाचे थेंब पाजायला नेणाऱ्या आजीला एवढं सांगा, की त्यात मध असतो आणि वर्षाखालच्या कुठल्याच बाळाला मध देत नाहीत. हे कारण घरात लवकर पटतं.

ताप आला तर?

१००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की त्याच दिवशी डॉक्टर. रात्र काढून बघू, हे आपल्यासाठी नाही. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी सीबीसी आणि ब्लड कल्चरचं रक्त काढायला सांगा. पण मूल निपचित असेल तर तपासणीसाठी औषध अडवू नका. मोबाइलमध्ये आणि पिशवीत एक कागद ठेवा : निदान, चालू औषधं, कोणत्या लसी नकोत, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर. टी-पेशींची उणीव असेल तर त्यावर ठळक लिहा, की रक्त चढवायचं झाल्यास विकिरण केलेलंच द्यावं. नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी मुलाच्या शरीरावरच उलटू शकतात. विस्कॉट-आल्ड्रिच असेल तर "ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको" हेही.

काही मुलांत ताप येतच नाही. हायपर आयजीई या प्रकारच्या उणिवेत गळू मोठं होतं पण गरम लागत नाही, दुखत नाही. मूल नेहमीसारखं नाही असं आईला वाटलं, तर थर्मामीटर काय म्हणतो ते बाजूला ठेवून दाखवायला न्या.

बोनमॅरो ट्रान्सप्लांट कुणाला लागतं?

स्किडला लागतंच, आणि घाईने. अमेरिकेत १९७१ साली जन्मलेला डेव्हिड व्हेटर प्लास्टिकच्या निर्जंतुक घरात बारा वर्षं जगला आणि १९८४ मध्ये गेला. बहिणीच्या मॅरोमधून आलेल्या एका विषाणूने घात केला. तिथून आज बरंच पुढे आलो आहोत. साडेतीन महिन्यांच्या आत ट्रान्सप्लांट झालेल्या स्किडच्या बाळांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती, असं २०१४ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. तिथे आता सगळ्या राज्यांत जन्मतःच टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून स्किड तपासतात. आपल्याकडे सरसकट तसं होत नाही, म्हणून वर सीबीसीवर इतकं लिहिलं.

सीजीडी आणि विस्कॉट-आल्ड्रिचमध्येही ट्रान्सप्लांटने कायमचा फरक पडू शकतो. एक्सएलएला सहसा करत नाहीत. सख्खं भावंड जुळलं तर उत्तम, आता आई किंवा वडील अर्धे जुळणारे असले तरी करता येतं.

पैशांचं काय?

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात स्किड, सीजीडी आणि विस्कॉट-आल्ड्रिच हे एकदाच्या उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या गटात आहेत, आणि इम्युनोग्लोब्युलिन लागणारे एक्सएलएसारखे आजार दुसऱ्या गटात. २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख रुपये आहे. ती तुमच्या खात्यात येत नाही, ठरवून दिलेल्या केंद्रामार्फत मिळते. मुंबईत केईएम हे असं केंद्र आहे. अर्ज लवकर करा, कागद फिरायला वेळ लागतो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राकडे निदानाच्या नेमक्या नावासह विचारा. नुसतं "इम्युनिटीचा आजार" म्हटलं तर नाही म्हणतील.

दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का असंही विचारतात. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत रक्ताचे म्हणून थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत, आपले आजार नाहीत. हा अन्यायच आहे असं माझं मत आहे.

शाळेत पाठवायचं का?

इम्युनोग्लोब्युलिनवर स्थिर असलेल्या मुलाला जरूर. वर्गशिक्षकांना सांगा, सगळ्या गावाला नको. स्किडच्या बाळाचा ट्रान्सप्लांट होईपर्यंत मात्र पाहुणे, बारसं, देवदर्शन सगळं थांबवा.

हा आजार आईकडून आला का? पुढच्या बाळाचं काय?

"आईकडून आला" हे वाक्य घरात भांडणासाठी वापरलं जातं, म्हणून नीट सांगते. एक्सएलए आणि स्किड-सीजीडीचे काही प्रकार एक्स गुणसूत्रावर असतात. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. आई स्वतः ठणठणीत असते, तिला माहीत असायचं कारणच नाही. काही घरांत तर तो बदल त्या मुलातच पहिल्यांदा झालेला असतो. चौकशी आजोळी करा : कुणी मामा तान्हेपणी गेला होता का, मावशीचे मुलगे कसे आहेत. "त्याला निमोनिया झाला होता", "हगवणीने गेला" अशी उत्तरं येतात, ती डॉक्टरांना जशीच्या तशी सांगा.

बाकीचे बरेच प्रकार आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आल्यावर होतात. तिथे दर बाळंतपणाला शक्यता चारात एक, मुलगा असो वा मुलगी. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न आपल्याकडे बऱ्याच समाजांत चालतं. अशा घरांत एकच बिघाड दोघांत असण्याची शक्यता वाढते. झालेल्या लग्नाबद्दल कुणाला दोष देऊन उपयोग नाही. पुढची सोयरीक ठरवताना मात्र बोला.

मुलातला जनुकीय बदल नेमका माहीत असेल तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा अंश घेऊन, किंवा नंतर गर्भजलातून तपासणी होऊ शकते. दवाखान्यात लावलेली लिंगनिदानाबद्दलची पाटी बघून काही जोडपी घाबरून विचारतच नाहीत. लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करायला कायद्याची परवानगी आहे. त्यासाठी आधी जनुकीय सल्ला घ्या, गरोदर राहिल्यावर धावपळ नको.

बाळंतपणाच्या आधीच प्रसूतिगृहात सांगून ठेवा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून घ्या : तपासणी होईपर्यंत बीसीजी आणि पोलिओचे थेंब देऊ नयेत. घरी सोडण्याआधी हे सवयीने दिलं जातं, सकाळच्या पाळीच्या सिस्टरला संध्याकाळचं बोलणं माहीत नसतं. नाळेचं रक्त तपासणीला पाठवायचं असेल तर तेही आधी ठरवा.

मुलगा मोठा झाल्यावर त्याचं लग्न, मुलंबाळं?

होऊ शकतात. एक्सएलए असलेल्या पुरुषाच्या मुलग्यांना त्याच्याकडून हा आजार येत नाही, कारण मुलग्याला वडिलांचा एक्स मिळतच नाही. त्याच्या सगळ्या मुली मात्र वाहक होतात. हे त्याला चौदा-पंधराव्या वर्षी, बाटलीचं स्टिकर स्वतः चिकटवायला लागल्यावर, सरळ सांगून टाकावं. आणि अठराव्या वर्षी बालरोग विभागातून मोठ्यांच्या विभागात जाताना ती वही त्याच्याच हातात द्यावी. तिकडच्या डॉक्टरांना ती लागणारच आहे.